माळ्यावरच्या स्पेक्ट्रमची आयसी बदलताना

बाबांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूने, पेन्सिलीने लिहिलेल्या दोन ओळी असायच्या: तारीख आणि काय बदललं ते. गिऱ्हाइकाला त्या कधी दिसत नसत. पुढेमागे जो कोणी ते झाकण उघडेल, त्याच्यासाठी त्या होत्या. खेतवाडीतलं ते दुकान आता राहिलं नाही. त्यांची हत्यारं मात्र माझ्याकडे आहेत, आणि परळच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी टेबल लावून मी गेली बरीच वर्षं जुने होम कॉम्प्युटर दुरुस्त करते. आयसी, म्हणजे बोर्डावरची पायांची काळी चिप, कशी बदलावी, मूळ यंत्रात नसलेली एखादी सोय कशी करून घ्यावी, आणि हे सगळं पुढच्या माणसाला पुन्हा पूर्ववत करता येईल अशा बेताने कसं करावं, एवढंच इथे लिहिते आहे.

माझ्याकडे सर्वांत जास्त येतो तो सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम. इंग्लंडात तो एप्रिल १९८२मध्ये बाजारात आला. आपल्याकडे काहींनी परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवला, आणि पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली. माळ्यावर, पितळेच्या भांड्यांमागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला तो सापडतो आणि घरातलं कोणीतरी हौसेने हाताशी लागेल तो ॲडॅप्टर लावून बघतं. तिथेच पहिली चूक होते.

आधी वीज

‘कोणती आयसी उडाली असेल?’ असं लोक आल्या आल्या विचारतात. तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न विजेचा.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, आणि त्याच्या गोल पिनेची आतली बाजू ऋण असते, बाहेरची धन. आज घरात पडलेले बहुतेक ॲडॅप्टर नेमके उलटे असतात. म्हणून पिन यंत्रात घालायच्या आधी मल्टिमीटरने तपासा. मूळचा ॲडॅप्टर असेल तर तो भाराशिवाय मोजल्यावर ९पेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. तो बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे. नवा घेणार असाल तर निदान १.५ अँपिअरचा घ्या आणि त्याच्या वायरीला ‘आत ऋण’ अशी चिठ्ठी चिकटवा.

झाकण उघडताना कीबोर्डच्या दोन पारदर्शक पट्ट्या बोर्डात खोचलेल्या दिसतील, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची. चाळीस वर्षांनी त्या सुकलेल्या पापडासारख्या झालेल्या असतात. वाकवू नका, वळवू नका, चिमटीत धरून सरळ वर ओढा.

आता बोर्डावर ७८०५ शोधा. ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर बसवलेला तीन पायांचा तो रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून फेकतो. मुंबईच्या मे महिन्यात, बंद खोक्यात, ही उष्णता शेजारच्या सगळ्या आयसींना भाजत असते. त्याच्या जागी त्याच तीन पायांवर बसणारा छोटा स्विचिंग रेग्युलेटर मिळतो, निदान १ अँपिअरचा घ्यावा. तो जवळजवळ गार राहतो. यंत्रात एकच बदल करायचा ठरवला तर मी हा करेन. काढलेला ७८०५ आणि त्याचा पत्रा पाकिटात घालून यंत्रासोबतच ठेवायचा.

स्पेक्ट्रमचं खरं दुखणं ५ व्होल्टमध्ये नसतं. खालच्या १६ केबी मेमरीत ४११६ जातीच्या आठ आयसी आहेत, आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. हे १२ आणि उणे ५ तयार होतात टीआर४ आणि टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर आणि एक लहानशी कॉइल यांच्या जोडणीतून. ही जोडणी नाजूक आहे. मागच्या लांब पट्टीला एखादं उपकरण यंत्र चालू असताना लावलं किंवा काढलं, जरासं तिरकं बसलं, की टीआर४ जातो, आणि त्याच्या पाठोपाठ मेमरी. यंत्र चालू असताना मागच्या पट्टीला हात लावायचा नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा.

मोजायचं असं. ४११६ची खाच डावीकडे ठेवली की खालच्या ओळीतला डावीकडचा पहिला पाय १ नंबरचा, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं. मीटरची काळी पिन १६ नंबरच्या पायावर. मग १ वर उणे ५, ८ वर अधिक १२ आणि ९ वर अधिक ५ दिसायला हवेत. उणे ५ दिसला नाही तर तत्काळ वीज बंद करा. तो नसताना बाकीचे दोन व्होल्टेज चालू राहिले की ४११६च्या आत प्रवाह बेफाम वाढतो आणि आयसी मरते. मी शिकत होते तेव्हा हे मोजायचा कंटाळा केला होता. एक खराब आयसी काढून चांगली बसवली, ती मेली, दुसरी बसवली, तीही मेली, तिसरीही. दोष मेमरीत नव्हताच, टीआर४ गेलेला होता. त्या तीन आयसी मी जपून ठेवल्या आहेत, आणि कोणालाही शिकवताना आधी त्या दाखवते.

वीज लावण्याआधीसुद्धा एक तपासणी करता येते: १२ व्होल्टचा मार्ग आणि जमीन (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू) यांच्यामधला रोध मोजा. जवळजवळ शून्य आला तर एखादी ४११६ आतून शॉर्ट आहे. असं असताना नुसता टीआर४ बदलला तर नवाही जाईल.

पडदा काय सांगतो

व्होल्टेज ठीक असतील तर यंत्र चालू करून पडद्याकडे बघा. स्पेक्ट्रम जागा झाला की आधी सगळी मेमरी भरून तपासतो, क्षणभर पडदा काळा होतो, मग पांढऱ्यावर सिंक्लेअरची ओळ येते. त्याऐवजी ठरावीक अंतरावर उभ्या रेघा दिसल्या तर दोष खालच्या मेमरीत असण्याची शक्यता मोठी. कारण समजून घेण्यासारखं आहे. आठ आयसींपैकी प्रत्येक आयसी मेमरीतल्या सगळ्या पत्त्यांचा एकेकच बिट सांभाळते, आणि असे आठ बिट मिळून एक बाइट होतो. आयसी६कडे शून्यावा बिट, आयसी७कडे पहिला, असं करत आयसी१३कडे सातवा. एक आयसी गेली की प्रत्येक बाइटमधला तोच बिट बिघडतो आणि पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी तीच रेघ उमटते. डावीकडून कितव्या ठिपक्यावर रेघ आहे ते मोजलं तर संशयित आयसी हाती लागते. फक्त सातवा बिट सर्वांत डावीकडे असतो हे लक्षात ठेवा.

वरच्या ३२ केबीत दोष असेल तर यंत्र नीट चालू होतं, पण स्वतःला १६ केबीचं समजतं. तेव्हा ही आज्ञा द्या (पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं): प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर सगळे ४८ केबी जागेवर आहेत. ३२७६७ आलं तर वरचा भाग गायब आहे. मुलुंडचे एक निवृत्त मास्तर त्यांचा डीबी स्पेक्ट्रम घेऊन आले होते. कॅसेटवरून एकही मोठा खेळ चढत नाही म्हणून त्यांनी कॅसेट प्लेअर दोनदा बदलला होता. ही एक ओळ टाइप केली आणि दोष प्लेअरचा नव्हता हे त्यांना पटलं.

या वरच्या मेमरीमागे एक छान गोष्ट आहे. तिथे ४५३२ नावाच्या आठ आयसी आहेत, आयसी१५ ते आयसी२२. मुळात त्या ६४ किलोबिटच्या ४१६४ म्हणूनच घडवलेल्या, पण ज्यांचा एक अर्धा भाग कारखान्यात सदोष निघाला अशा. उरलेला चांगला अर्धा वापरून स्वस्तात विकलेल्या. कोणता अर्धा चांगला, हे आयसीवरच्या खुणेवरून आणि बोर्डावरच्या लिंकवरून, म्हणजे छोट्या जोडतारेवरून, ठरतं, म्हणून आठही आयसी एकाच प्रकारच्या असाव्या लागत. आज एखादी ४५३२ गेली तर तिच्या जागी सरळ पूर्ण चांगली ४१६४ बसवा. पाय तेच, व्होल्टेज एकच, आणि दोन्ही अर्धे चांगले असल्यामुळे लिंक कुठलीही असो, चालते.

खालच्या ४११६ इतक्या सरळ नाहीत. ४१६४ तिथेही बसवता येते, पण तिचा ८ नंबरचा पाय ५ व्होल्ट मागतो, जिथे बोर्ड १२ देतो. ९ नंबरचा पाय पत्त्याचा आहे, जिथे बोर्ड ५ देतो. १ नंबर रिकामा. म्हणून हे तीनही पाय बोर्डात न घालता बाहेर वाकवायचे, ८ला ५ व्होल्टची तार द्यायची, ९ जमिनीला जोडायचा, १ तसाच सोडायचा. एका आयसीसाठी हे ठीक आहे. आठही बदलायच्या असतील तर मी तयार अडॅप्टर पट्टी वापरते. आणि असं करताना १२ व्होल्टचा मार्ग उखडून टाकू नका: टीव्हीच्या रंगाचा संकेत तयार करणाऱ्या एलएम१८८९ला तो लागतो.

मेलेली आयसी काढणं

सोल्डर काढून आयसी सगळीच्या सगळी बाहेर काढण्याचा हट्ट नवीन माणूस धरतो आणि बोर्डाची वाट लावतो. स्पेक्ट्रमच्या बोर्डावरचे पॅड, म्हणजे भोकांभोवतीच्या तांब्याच्या चकत्या, लवकर सुटतात. आयसी मेली आहे याची खात्री असेल तर तिच्यात जीव अडकवू नका. बारीक टोकाच्या कटरने तिचे सोळाही पाय अंगाशी कापा. धड निघून येईल. मग बोर्ड उभा धरून एकेक पाय खालून सोल्डरिंग आयर्नने तापवा आणि वरून चिमट्याने अलगद काढा. पाय ओढायचा नाही, सोल्डर वितळलं की तो स्वतःच सैल होतो. मी ३३० ते ३५० अंशांवर काम करते. त्याहून कमी ठेवलं तर आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं, आणि पॅड सुटतो तो वेळेमुळे.

भोकं साफ करायला आधी थोडं ताजं सोल्डर घाला. जुनं सोल्डर एकटं वितळायला नाखूश असतं, नवं मिसळलं की लगेच वाहतं. मग सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारी पिचकारी) लावा, आणि उरलंसुरलं विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) टिपा. जमिनीला जोडलेल्या पायाचं भोक सर्वांत चिवट, कारण आजूबाजूचं तांबं उष्णता पिऊन घेतं. तिथे घाई करू नका. जमलं नाही तर उठा, चहा घ्या, बोर्ड गार होऊ द्या, परत या. काम झाल्यावर डेटाचे दोन पाय (२ आणि १४) सोडून प्रत्येक भोकापासून शेजारच्या आयसीच्या त्याच पायापर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे जोड अखंड आहे का ते, तपासा. मेमरीच्या पत्त्याचे पाय आठही आयसींना समान जोडलेले असतात, त्यामुळे बीप कुठे यायला हवा हे शोधणं सोपं जातं.

भोकं साफ झाली की आयसी थेट लावू नका. आयसी बेस, म्हणजे आयसी खोचायचा सॉकेट, लावा, आणि तोही गोल खराद केलेल्या पायांचा. चपट्या पत्तीचा बेस स्वस्त असतो, पण आपल्या हवेत टिकत नाही. समुद्र जवळ, चार महिने पाऊस, भिंतींना ओल. चपट्या पत्तीचा स्पर्श दोन-तीन पावसाळ्यांत काळवंडतो आणि मग ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येते. असं यंत्र आलं तर आयसी बदलायच्या आधी फक्त बेसमधून उचलून परत बसवून पाहा, पाय काळे दिसले तर साध्या रबराने पुसा. कित्येकदा दुरुस्ती तिथेच संपते. बंद करून ठेवताना खोक्यात सिलिका जेलची पुडी टाका.

आणि हो, सुटी आयसी थर्माकोलमध्ये खोचू नका. तिला काळा फोम लागतो, वीज वाहणारा.

आयसी कुठून आणायची

लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. आयसी बेस, ७८०५, ४१६४, ७४ मालिकेतल्या साध्या आयसी, ईप्रॉम (पुसून पुन्हा भरता येणारी रॉम), सकर, फ्लक्स यांसाठी मला दुसरीकडे जावंसं वाटत नाही. काउंटरवर नंबर कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेल्या आकड्यांत घोळ होतो. ४११६ मात्र नवी कोणी बनवत नाही. मिळते ती दुसऱ्या बोर्डावरून काढलेली किंवा जुन्या साठ्यातली.

जुन्या आयसी घेताना तिच्या पाठीवरचा चार आकड्यांचा तारखेचा कोड वाचायला शिका. ८३३४ म्हणजे १९८३ सालचा चौतिसावा आठवडा. पाठ नवीकोरी, छपाई पांढरीशुभ्र आणि कोड अलीकडचा असेल तर शंका घ्या: दुसऱ्याच आयसीची पाठ घासून त्यावर हवा तो नंबर छापला जातो. कापसावर ॲसिटोन घेऊन पुसलं की खोटी छपाई आणि वरचा काळा थर निघून येतो. एकदा एकाकडून आठ आयसी एकदम आणल्या, घरी येऊन पुसल्या, आणि खाली निराळाच नंबर निघाला. तेव्हापासून ॲसिटोनची छोटी बाटली पिशवीत असते, आणि दुकानदाराची परवानगी घेऊन मी काउंटरवरच एक आयसी पुसून बघते.

झेड८० प्रोसेसर क्वचितच जातो. जिने ही आयसी घडवली त्या झायलॉगनेच २०२४ साली सुटा झेड८०, म्हणजे सीमॉस जातीचा झेड८४सी००, बंद करत असल्याचं जाहीर केलं, तरी जुना साठा भरपूर आहे. जुन्या झेड८०च्या जागी हा सीमॉस जातीचा बसवलात तर वीज कमी खातो आणि गार राहतो. बाकी फरक नगण्य. बसवताना एकच भीती: तोही चाळीस पायांचा आणि शेजारची यूएलए, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी खास आयसी, हीही चाळीस पायांची. दोघींची अदलाबदल होऊ शकते. झेड८०ला ५ व्होल्ट मिळतो ११ नंबरच्या पायावर आणि जमीन २९ वर, म्हणून तो सहज ओळखता येतो. बेसवर मार्करने नाव लिहा. यूएलए फेरांटी कंपनीने सिंक्लेअरसाठी घडवलेली, दुसऱ्या कशाच्याही जागी न चालणारी आयसी आहे. ती काढायची वेळ आली तर पाय कापण्याचा विचारही करू नका. तिच्या पाठीवर एक लहान उष्णताशोषक पत्रा चिकटवा, तिचं आयुष्य वाढेल.

इतर दोन यंत्रांबद्दल थोडक्यात. १९८४पासून सरकारच्या ‘क्लास’ या संगणक-शिक्षणाच्या योजनेतून शाळांत गेलेले बीबीसी मायक्रो अजून भेटतात. त्यांना वीज लावण्याआधी पॉवर सप्लायमधले मेन्सवरचे जुने फिल्टर कपॅसिटर बदला, ते तडकून धूर सोडतात. बाकी आयसी बदलण्यासाठी बीबीसीइतकं दिलदार यंत्र नाही, जादा रॉमसाठी रिकामे बेस कारखान्यातूनच दिलेले आहेत. कमोडोर ६४चा मूळ, आतून राळ ओतून बंद केलेला ॲडॅप्टर मात्र वापरूच नका. तो बिघडतो तेव्हा ५ व्होल्टचे जास्त होतात आणि मेमरी जळते. त्याची आवाजाची आयसी बदलताना नंबर नीट वाचा: ६५८१ला १२ व्होल्ट लागतात, ८५८०ला ९, आणि फिल्टरचे दोन कपॅसिटरही वेगळे. ६५८१च्या बोर्डावर ८५८० सरळ खोचली तर ती जाईल.

रॉम : इथे यंत्र आपलं होतं

आता माझ्या जिवाभावाचा भाग. स्पेक्ट्रमची सगळी बुद्धी आयसी५ या एका १६ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, आहे. ती काढून जपून ठेवायची आणि तिच्या जागी २७सी५१२ ही ईप्रॉम लावायची. ही ६४ केबीची, म्हणजे तिच्यात स्पेक्ट्रमच्या चार रॉम मावतात. मी विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ वापरते, ती प्रोग्रामरवर, म्हणजे ईप्रॉम भरायच्या उपकरणावर, विजेनेच पुसली जाते. पाठीवर काचेची खिडकी असलेली घेतलीत तर अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागते, आणि भरून झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक पट्टी लावावी लागते.

चार भागांपैकी कोणता दिसावा ते दोन पाय ठरवतात: २७ आणि १. हे दोन्ही बेसमध्ये न घालता बाहेर वाकवा. प्रत्येकाला १० किलोओहमचा रेझिस्टर लावून जमिनीकडे न्या, आणि एकेका स्विचमधून ५ व्होल्ट द्या. दोन्ही स्विच बंद असताना पहिला भाग, म्हणजे मूळ रॉम दिसेल. तो तसाच असू द्या. स्विच यंत्र बंद असतानाच हलवायचा.

बसवण्याआधी एक पाहणी करा. कारखान्यात दोन कंपन्यांच्या रॉम वापरल्या जात, म्हणून बोर्डावर एच आणि एन अशा लिंक आहेत, आणि त्यांच्यावरून निवडीचे संकेत वेगवेगळ्या पायांवर जातात. आपल्या ईप्रॉमचे निवडीचे पाय दोनच आहेत, २० आणि २२. मागच्या पट्टीवरचा रॉमसीएस हा रॉम निवडणारा संकेत यांपैकी एकावर पोचतो का, आणि दुसऱ्यावर वाचनाचा संकेत येतो का, हे मीटरने बघा. नसेल तर लिंक बदला.

मग उरलेल्या तीन भागांत काय भरायचं? एकात मी मेमरी तपासणारा प्रोग्राम ठेवते. आणि एकात देवनागरी.

स्पेक्ट्रमची अक्षरं रॉमच्या अगदी शेवटी, १५६१६ या पत्त्यापासून, आहेत. ९६ अक्षरं, प्रत्येकाला आठ बाइट. ती बदलली की तेच यंत्र मराठी लिहितं. मोठी इंग्रजी अक्षरं मी हलवत नाही, नाहीतर यंत्राच्या बेसिक भाषेतल्या आज्ञा वाचता येणार नाहीत. लहान अक्षरांच्या २६ जागी व्यंजनं भरते. उरलेली अक्षरं, मात्रा आणि नेहमीची जोडाक्षरं यांना यूडीजीच्या, म्हणजे वापरणाऱ्याने स्वतः आखायच्या अक्षरांच्या, २१ जागा आहेत, फक्त त्या वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या रॅममध्ये असल्यामुळे दर वेळी भराव्या लागतात.

आठ बाय आठच्या चौकटीत देवनागरी बसवताना पहिली ओळ अनुस्वार आणि मात्रेसाठी मोकळी सोडा. दुसरी ओळ पूर्ण भरा, म्हणजे २५५. हीच शिरोरेषा, आणि चौकटी एकमेकींना खेटून असल्यामुळे ती शब्दभर अखंड धावते. उरलेल्या सहा ओळींत अक्षर. माझा ‘म’ असा आहे: ०, २५५, ३४, ३४, ३४, १२६, ९८, २. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, जुन्या मराठी टाइपरायटरसारखी. ‘गिरगाव’ लिहायला सहा चौकटी लागतात.

ईप्रॉम भरण्याआधी हे सगळं रॅममध्ये करून बघता येतं. आज्ञा यंत्रावर अर्थातच इंग्रजीत द्यायच्या. आधी क्लिअर ६३९९९. मग शून्यापासून ७६७पर्यंत फेरा (लूप) लावून १५६१६ पासूनचे बाइट ६४००० पासून पोक करा, म्हणजे मेमरीत लिहा. लहान ‘ए’ची जागा ६४५२० ते ६४५२७, तिथे वरचे आठ आकडे टाका. आता पोक २३६०६,० आणि पोक २३६०७,२४९. लहान ‘ए’ दाबलात की पडद्यावर ‘म’ येईल. परत जायचं असेल तर पोक २३६०७,६०. आठवडाभर अशी अक्षरं घासूनपुसून घ्या, समाधान झालं की मगच रॉमच्या फाइलमध्ये उतरवा. लहान ‘ए’चे आठ बाइट तिथे १६१३६ पासून लागतात. माझा ‘झ’ अजून मला पटत नाही.

सुरुवातीची सिंक्लेअरची ओळ बदलून स्वतःचं नाव टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. ती ५४३३ या पत्त्यावर, २८ बाइटची आहे, बदलणं अवघड नाही. पण मी ती बदलत नाही. ज्यांनी १६ केबीत एवढं सगळं बसवलं त्यांचं नाव तिथे राहावं असं मला वाटतं, आणि १९८६ साली सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा घेणाऱ्या ॲमस्ट्रॅडनेही रॉम वाटू देताना ती ओळ बदलू नये अशीच अट घातली.

आपल्यासाठी दुसरी जागा आहे. १४४४६ पासून १५६१५ पर्यंतचे ११७० बाइट मूळ रॉममध्ये रिकामे आहेत, सगळे २५५ने भरलेले. काही प्रोग्राम त्या रिकाम्या २५५ बाइटांवर विसंबून असतात, म्हणून स्विचच्या पहिल्या भागाला हात लावायचा नाही. देवनागरीच्या भागात मात्र मी १४४४६ पासून एक नोंद लिहिते. वाचायची असेल तर १४४४६ ते १४५०९ असा फेरा लावून प्रत्येक बाइट सीएचआर$ पीकने छापायचा. नोंद संपली की पुढे ‘कॉपी कॉपी कॉपी’ येत राहतं, कारण स्पेक्ट्रमच्या कोष्टकात २५५ म्हणजे कॉपीची आज्ञा.

मुलुंडच्या मास्तरांच्या यंत्रात तिथे तारीख आहे, आणि मग: आयसी१७, आयसी२० बदलल्या, ४१६४. रेग्युलेटर नवा. मूळ रॉम आणि ७८०५ पाकिटात. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तेच लिहिलं आहे, बाबांच्या पेन्सिलीने.